सिटीसाठी छोटी हॅचबॅक घेताय? मग टेस्ट ड्राइव्ह फर्स्ट-सेकंड गिअरमध्येच घ्या

शोरूमची टेस्ट ड्राइव्ह बहुतेक ठिकाणी ठरलेली असते. सर्व्हिस रोडने थोडं पुढे, मग हायवे किंवा एखादा रुंद मोकळा रस्ता, शेजारी बसलेला सेल्सवाला म्हणतो सर थोडं दाबा, पिकअप बघा, तुम्ही थर्ड-फोर्थ टाकता, गाडी पळते, पुढच्या पुलाखालून यू-टर्न मारून परत आणि खाली उतरेपर्यंत बुकिंगचा विषय सुरू. या चकरेत नव्या गाडीचं काहीच वाईट सापडत नाही, कारण आजची जवळपास कुठलीही हॅचबॅक मोकळ्या रस्त्यावर ६०ला चांगलीच चालते.

पण सिटीत रोज वापरायची गाडी दिवसाचा बहुतेक वेळ १० ते ३०च्या स्पीडला असते. फर्स्ट, सेकंड, परत फर्स्ट, एसी चालू, डावीकडून टू-व्हीलर घुसतायत, पुढे पीएमटीची बस थांबलीय. गाडी आवडणार की डोक्याला ताप होणार हे तिथे ठरतं, म्हणून टेस्ट ड्राइव्हपण तिथेच घ्यायची. मी पुण्याच्या रस्त्यांच्या हिशोबाने लिहितोय, ठाणे, नाशिक, नागपूरवाल्यांनी रस्त्यांची नावं बदलून वाचा.

आधी वेळ. पाडवा, दसरा, धनत्रयोदशी याच्या आदल्या दोन आठवड्यांत शक्यतो टेस्ट ड्राइव्हला जाऊच नका, तेव्हा डिलिव्हरीची इतकी गडबड असते की कोणालाच तुमच्यासाठी वेळ नसतो आणि दहा मिनिटांत गुंडाळतात. शनिवार-रविवारपण तसंच. मधल्या वारी सकाळी अकराच्या सुमारास फोन करून जा, किंवा त्याहून चांगलं म्हणजे होम टेस्ट ड्राइव्ह मागा, आता बहुतेक सगळ्या कंपन्यांचे डीलर गाडी घरी पाठवतात. गाडी घरी आली की रस्ता तुम्ही ठरवता, आणि तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये लावूनपण बघता येते, ज्याचं महत्त्व पुढे सांगतो. लायसन्स जवळ ठेवा, डिजिलॉकरमधलं चालतं पण ओरिजिनल असेल तर प्रश्नच नाही. लर्निंग लायसन्सवर सहसा चालवायला देत नाहीत.

फोनवरच एक गोष्ट पक्की करा, ती म्हणजे डेमो गाडी कुठल्या व्हेरियंटची आहे. डेमो बहुतेक वेळा टॉप मॉडेलची असते आणि आपण घेणार असतो मधलं किंवा बेस. हा फरक फक्त टचस्क्रीन आणि अलॉयचा नसतो. उदाहरण म्हणून स्विफ्ट घ्या, खालच्या व्हेरियंटला १६५/८० आर१४ टायर येतात आणि वरच्याला १८५/६५ आर१५. म्हणजे टायरची रुंदी वेगळी, साइडवॉलची उंची वेगळी, त्यामुळे खड्ड्यात गाडी कशी आदळते तेसुद्धा थोडं वेगळं. ड्रायव्हर सीट वर-खाली करायची सोय, मागचा वायपर, इलेक्ट्रिक आरसे या गोष्टीपण बऱ्याच गाड्यांत वरच्याच व्हेरियंटला असतात. तुम्ही टॉप मॉडेलमध्ये सीट वर घेऊन मस्त बसलात आणि घरी आलेल्या गाडीत ती सोयच नाही, तर टेस्ट ड्राइव्हचा उपयोग काय. मॅन्युअल घेणार असाल तर मॅन्युअलच मागा, एएमटी (म्हणजे क्लच न दाबता चालणारी ऑटोमॅटिक) घेणार असाल तर एएमटी, सीएनजी घेणार असाल तर सीएनजी. "सर सेमच आहे" हे वाक्य ऐकायला मिळेल, ऐकून घ्या आणि तरी तीच गाडी मागा, नसेल तर दुसऱ्या डीलरकडे फोन करा, शहरात एकाच कंपनीचे चार डीलर असतात.

गाडी आली की लगेच स्टार्ट करू नका. आधी नुसतं बसा. सीट लावून क्लच पूर्ण दाबा, पूर्ण दाबल्यावरपण गुडघा थोडा वाकलेला राहायला हवा, आणि त्याच स्थितीत हात स्टिअरिंगच्या वरच्या टोकाला सहज पोचायला हवेत. छोट्या गाड्यांत बऱ्याचदा स्टिअरिंग फक्त वर-खाली होतं, पुढे-मागे होत नाही, त्यामुळे उंच माणसाचे पाय नीट बसले की हात लांब राहतात आणि हात जवळ घेतले की गुडघे स्टिअरिंगच्या खाली अडकतात. माझी उंची बऱ्यापैकी आहे म्हणून मी हेच पहिलं बघतो. क्लच दाबायचा नसतो तेव्हा डावा पाय ठेवायला जागा आहे का तेपण बघा, नाहीतर अख्खा वेळ पाय क्लचच्या वर तरंगत राहतो आणि सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये पोटरी भरून येते.

मग मागे जाऊन बसा, पण पुढची सीट तुमच्या ड्रायव्हिंगच्या पोझिशनला ठेवूनच. घरात आई-बाबा किंवा आजी असतील तर त्यांना घेऊनच टेस्ट ड्राइव्ह करा, यात संकोच करू नका. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना आत बसायला आणि मुख्य म्हणजे बाहेर यायला सीटची उंची फार महत्त्वाची असते. वॅगनआर १६७५ मिमी उंच आणि स्विफ्ट १५२० मिमी, साडीतल्या आजी वॅगनआरमध्ये खुर्चीत बसल्यासारख्या सरळ बसतात आणि स्विफ्टमध्ये त्यांना खाली वाकून आत जावं लागतं. आजीने बसताना दरवाजाच्या वरच्या कडेला हात धरला, डोकं वाकवलं आणि उतरताना पुढच्या सीटला जोर देऊन उठावं लागलं, तर ती गाडी तिच्यासाठी नाही, शोरूममध्ये ती "छान आहे रे" म्हणाली तरी. लहान मूल असेल तर त्याची चाइल्ड सीट बरोबर न्या आणि खरंच लावून बघा, आयसोफिक्स (चाइल्ड सीट अडकवायचे हुक) आहे असं कागदावर असतं पण सीट लावल्यावर पुढच्याला पाय ठेवायला जागा उरते का हे लावल्याशिवाय कळत नाही.

आता स्टार्ट. एसी फुल, गाणी बंद. गाणी बंद करायला स्पष्ट सांगा कारण म्युझिक सिस्टिम दाखवायच्या निमित्ताने ती चालू राहते आणि गाडीचा आवाजच ऐकू येत नाही. न्यूट्रलमध्ये मिनिटभर थांबा आणि हात स्टिअरिंगवर, मग गिअरच्या नॉबवर ठेवा, आतल्या आरशात मागची गाडी थरथरताना दिसते का बघा. आजकाल बऱ्याच छोट्या गाड्यांत तीन सिलिंडरचं इंजिन असतं, टियागोला तीन, २०२४च्या नव्या स्विफ्टलापण चारचे तीन झाले, ग्रँड आय१० निऑसला चार आहेत, वॅगनआरमध्ये १ लिटरला तीन आणि १.२ ला चार. तीन सिलिंडर म्हणजे वाईट असं अजिबात नाही, पण सिग्नलला उभं असताना थोडी थरथर येते आणि एसीचा कॉम्प्रेसर लागला की ती वाढते. काहींना ती जाणवतही नाही, काहींना दोन दिवसांत वैताग येतो. तुम्ही कुठल्या गटातले ते तिथेच कळेल. दुपारी जाताय तर गाडी आधी उन्हात उभी ठेवायला सांगा, म्हणजे एसी मागच्या सीटपर्यंत किती वेळात पोचतो तेपण समजेल. बऱ्याच छोट्या हॅचबॅकना मागे एसीचे वेगळे व्हेंट नसतात.

आता खरी टेस्ट. थोडा मोकळा गल्लीतला रस्ता बघा, गाडी सेकंडला टाका, स्पीड १५च्या आसपास आला की एसी चालू ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढा. क्लचला पाय लावायचा नाही. गाडीचा स्पीड हळूहळू १०-१२ पर्यंत उतरेल आणि चांगली ट्यून केलेली गाडी तिथे न कुरकुरता स्वतःच्या आयडलवर सरकत राहील. मग तिथूनच ॲक्सिलरेटरला अगदी हलका पाय लावा. हिसका न देता उचलली तर ती ट्रॅफिकसाठी चांगली गाडी. धडधड करायला लागली, हिसके द्यायला लागली, तुमचा पाय आपोआप क्लचकडे गेला, तर समजा की रोज ऑफिसला जाताना लक्ष्मी रोड-कर्वे रोडला दर पंधरा फुटांवर तुम्हाला फर्स्ट टाकावा लागणार आहे. ब्रोशरमध्ये पीएस (पॉवर) आणि एनएमचे (टॉर्क) आकडे असतात पण ते खूप वरच्या आरपीएमचे असतात, सिटीत आपण १५०० च्या आसपास फिरतो आणि तिथे इंजिनात किती दम आहे हे कुठेही छापलेलं नसतं. हीच टेस्ट स्पीडब्रेकरवर करा, सेकंडमध्ये हळू चढली उतरली आणि पुढे निघाली पाहिजे. मला विचाराल तर दोन गाड्यांमध्ये अडकला असाल तेव्हा या एका गोष्टीवर निर्णय घेतला तरी चालेल.

क्लच जड आहे की हलका हे पाच मिनिटांत कळत नाही, अर्ध्या तासाने कळतं, म्हणून मुद्दाम सिग्नलच्या रांगेत जा. क्लच कुठे पकडतो तेपण बघा, एकदम वर पकडणारा असेल तर टाच जमिनीवर टेकत नाही आणि पाय जास्त दुखतो. फक्त हे लक्षात ठेवा की डेमो गाडी शेकडो लोकांनी चालवलेली असते, त्यात नवशिकेपण असतात, त्यामुळे क्लच वाईट वाटला तर किलोमीटर बघा आणि जमलं तर दुसऱ्या डीलरची डेमो चालवून मगच मत बनवा.

एएमटी घेणार असाल तर हा परिच्छेद नीट वाचा. आपल्याकडे २०१४ मध्ये सेलेरिओबरोबर एएमटी आली आणि छोट्या गाड्यांत ऑटोमॅटिक परवडायला लागली. आत गिअरबॉक्स मॅन्युअलचाच असतो, फक्त क्लच दाबणं आणि गिअर बदलणं तुमच्याऐवजी मशिन करतं. त्यामुळे फर्स्टमधून सेकंडला जाताना क्षणभर ताकद तुटते आणि डोकं थोडं पुढे जाऊन मागे येतं. हे किती होतं ते गाडीगणिक वेगळं, आणि शेजारी बसलेल्याला ते तुमच्यापेक्षा जास्त जाणवतं म्हणून शेजारच्याला विचारा. तीन गोष्टी नक्की करून बघा. ब्रेक सोडल्यावर ॲक्सिलरेटर न देता गाडी आपोआप सरकते का, ट्रॅफिकमध्ये सगळा जीव यातच आहे. रिक्षा आडवी आली म्हणून स्पीड कमी केला आणि लगेच गॅप मिळाला म्हणून पाय दाबला तर गाडी किती वेळ विचार करत बसते. आणि चढावर रिव्हर्स घेताना कशी वागते, म्हणजे बेसमेंटच्या रॅम्पवर समोरून गाडी आली आणि तुम्हाला मागे घ्यावं लागलं तर. एएमटी चढावर ॲक्सिलरेटरवर धरून ठेवायची नसते, क्लच जळतो, ब्रेकवरच धरायची. हे सेल्सवाल्याने न विचारता सांगितलं तर तो माणूस जाणकार आहे, त्याला बाकीचे प्रश्नपण विचारा.

चढ शोधायला पुण्यात लांब जावं लागत नाही. जुना कात्रज घाट आहे, पाषाण-सूसकडचे चढ आहेत, आणि काही नाही तर कुठल्याही मॉलच्या बेसमेंटचा रॅम्प आहे. पण चढावर एकटे जाऊ नका, माणसं भरून न्या. नव्या स्विफ्टचं वजन साधारण ९२० किलो आहे, चार मोठी माणसं आणि दोन पिशव्या म्हणजे ३०० किलो, गाडीच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा तुम्ही वर ठेवता. एवढ्या छोट्या इंजिनाला हा फरक प्रचंड असतो, एकट्याने चालवताना तरतरीत वाटलेली गाडी चौघांबरोबर एसी लावून रॅम्पवर उभी राहिली की खरं रूप दिसतं. चढाच्या मध्यात पूर्ण थांबा, हँडब्रेक लावा, मग निघा. हिल होल्ड असेल तर ब्रेक सोडल्यावर गाडी दोनेक सेकंद धरून राहते, तेवढ्यात पाय ॲक्सिलरेटरवर येतो का हे स्वतः करून बघा. ज्यांनी नुकतं शिकलंय त्यांच्यासाठी ही फार मोठी सोय आहे.

सीएनजीवाल्यांना हाच चढ दोनदा चढायचाय, एकदा पेट्रोलवर आणि एकदा बटण दाबून सीएनजीवर. गॅस इंजिनात जाताना हवेची जागा खातो त्यामुळे ताकद कमी होते, १ लिटर वॅगनआर पेट्रोलवर ६७ पीएस देते आणि सीएनजीवर ५७. सपाट रस्त्यावर फारसं कळत नाही, चढावर लगेच कळतं. एकदा डिकीपण उघडून बघा आणि तुमची नेहमीची बॅग घालून बघा, मोठा सिलिंडर असेल तर गावाला जाताना सामान मांडीवर येतं. टाटाने दोन छोटे सिलिंडर खाली बसवून यावर मार्ग काढला, ह्युंदाईनेपण तसंच केलं, त्यामुळे सीएनजी घेताना डिकी हा आता तुलनेचा मुद्दा झालाय.

खराब रस्ता मुद्दाम शोधा. आपल्याकडे डांबराचे थर चढत जातात आणि मॅनहोलची झाकणं खाली राहतात, त्या खड्ड्यात चाक गेलं की गाडी एकच ठक्क आवाज करते की आत सगळं खडखडतं ते ऐका. पेठांमधले पेव्हर ब्लॉकचे रस्ते यासाठी उत्तम. एकदा तुम्ही मागे बसा आणि घरातल्या दुसऱ्याला चालवू द्या, कारण छोट्या गाड्यांत मागच्या चाकांच्या वर बसणाऱ्याला दणके जास्त बसतात आणि ड्रायव्हरला ते कधीच कळत नाही. पण त्याआधी पेट्रोल पंपावर टायरची हवा चेक करून घ्या, किती हवी ते ड्रायव्हरच्या दरवाजाजवळच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, डेमोमध्ये हवा जास्त असेल तर चांगली गाडीपण कडक वाटते आणि कमी असेल तर कडक गाडी मऊ वाटते. माणसं भरलेली असतानाच सोसायटीच्या गेटवरचा सगळ्यात उंच स्पीडब्रेकर ओलांडा, खाली घासली तर रोज घासणार.

ब्रेक बघायचा असेल तर मागे कोणी नाही याची खात्री करून, शेजारच्याला सांगून, ४०च्या स्पीडवरून एकदा जोरात दाबा. गाडी सरळ थांबली पाहिजे. एवढं पुरे.

यू-टर्न घेताना पुढच्या काचेच्या उजव्या बाजूच्या खांबाकडे लक्ष द्या. एअरबॅग आणि मजबुतीमुळे हे खांब आता जाड झालेत, आणि वळताना रस्ता क्रॉस करणारं अख्खं माणूस त्याच्यामागे लपू शकतं. डोकं थोडं पुढे-मागे करून दिसतंय का बघा. डावा आरसा पुरेसा मोठा आहे का, कारण टू-व्हीलर तिकडूनच येणार. स्टिअरिंग हलकं असणं चांगलं पण वळण संपल्यावर ते स्वतःहून सरळ व्हायला हवं, काही गाड्यांत ते अर्धवट राहतं आणि प्रत्येक वळणानंतर हाताने आणावं लागतं.

मग गाडी घरच्या पार्किंगमध्ये लावा. नुसती लावून नाही, शेजाऱ्याची गाडी उभी असताना लावा आणि दरवाजा उघडून बाहेर या. वॅगनआर १६२० मिमी रुंद, स्विफ्ट १७३५, साडेअकरा सेंटिमीटरचा फरक कागदावर काहीच वाटत नाही पण एका बाजूला पिलर आणि दुसऱ्या बाजूला कुणाची नवी एसयूव्ही असली की तेवढ्यानेच तुम्ही बाहेर पडता किंवा अडकता. स्टॅक पार्किंग (एकावर एक गाड्या लावायचं) असेल तर पॅलेटची उंची-रुंदी-वजनाची मर्यादा तिथल्या पाटीवर असते, फोटो काढून ठेवा, उंच गाडीला खालचा स्लॉट मिळणार नाही असं होऊ शकतं. रिव्हर्स कॅमेरा अंधाऱ्या बेसमेंटमध्ये कसा दिसतो तेही इथेच कळतं.

रात्रीची एक चक्कर मिळाली तर जरूर घ्या, संध्याकाळी साडेसातला बोलवा. हेडलाइट कसे आहेत हे दिवसा कळूच शकत नाही आणि आपल्याकडे समोरून हायबीम मारत येणारे कमी नाहीत. लो बीमवर डावीकडची रस्त्याची कड दिसते का, स्पीडब्रेकर किती अंतरावरून कळतो, एवढं बघा. टचस्क्रीनचा उजेड रात्री डोळ्यांवर येतो का आणि एसी कमी-जास्त करायला रस्त्यावरून नजर काढावी लागते का, हेपण. मला स्वतःला एसीला साधं फिरवायचं बटण असलेली गाडी सिटीत जास्त सेफ वाटते.

क्रॅश टेस्टचं रेटिंग टेस्ट ड्राइव्हमध्ये कळत नाही, ते घरूनच बघून जा, ऑक्टोबर २०२३ पासून आपली भारत एनकॅप सुरू आहे, सगळ्या गाड्यांची टेस्ट झालेली नाही पण जिची झालीय तिचे स्टार बघायला मिळतात. मोठ्यांचे आणि मुलांचे स्टार वेगवेगळे असतात, दोन्ही बघा.

दोन गाड्यांत निवड करायची असेल तर शक्यतो एकाच दिवशी, त्याच रस्त्याने, त्याच माणसांना घेऊन दोन्ही चालवा. आठवड्याच्या अंतराने चालवलेल्या गाड्यांची तुलना डोक्यात नीट होत नाही. खाली उतरल्यावर लगेच फोनवर व्हॉइस नोट करून ठेवा, क्लच कसा, सेकंडमध्ये कशी, मागे बसणाऱ्यांचं काय म्हणणं, सगळं. सेल्सवाला आजच्या आज ऑफर संपतेय म्हणेल, त्याला त्याचं टार्गेट असतं, त्याच्याशी नीट बोला, व्हॉट्सॲपवर व्हेरियंटसकट ऑन रोड कोटेशन मागा आणि घरी या.

आणि टोकन द्यायच्या आधी दुसरी टेस्ट ड्राइव्ह मागा, देतात, फक्त मागावी लागते. या वेळी स्टिअरिंग घरात जो गाडी सगळ्यात जास्त चालवणार आहे त्याच्या हातात द्या. बऱ्याच घरांत गाडी बघायला बाबा जातात आणि रोज चालवणार असते सून किंवा मुलगी, तिची उंची वेगळी, तिचा पाय क्लचवर वेगळा बसतो, तिला बोनेटचा पुढचा भाग दिसतो की नाही हे बाबांना कसं कळणार. तिला अर्धा तास ट्रॅफिकमध्ये शांतपणे चालवू द्या, तुम्ही मागे बसा आणि मधेमधे सूचना देऊ नका.